काळजी : करायची की घ्यायची?

एप्रिल २०२०. संध्याकाळ झाली की महाराष्ट्रात घरोघरी सगळे टीव्हीपुढे येऊन बसत. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले करोनाबाधित सापडले होते, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली होती आणि आता रोज नवे आकडे येत होते. त्या सुरुवातीच्या दिवसांत आरोग्य खात्याच्या पत्रकात दगावलेल्या रुग्णांची त्रोटक माहिती असे. वय अमुक, पुरुष की स्त्री, आणि पुढे मधुमेह होता, रक्तदाब होता, दमा होता. ते ऐकून घरातला एखादा तरणाताठा सुस्कारा टाके. "आधीचे आजार होते म्हणून गेले. नाहीतर काही होत नाही." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसे, तो स्वतःलाच धीर देत असे. पण त्याच खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर, जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून घेत बसलेली त्याची आई तेच वाक्य ऐकत असे.

एकाला दिलासा देणाऱ्या बातमीने दुसऱ्याच्या पोटात गोळा येत होता.

'सहव्याधी' हा शब्द तोवर फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. त्या वर्षी तो मंडईतल्या भाजीवाल्यालाही पाठ झाला. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावेच लागणारी माणसे, केमोथेरपी चालू असलेली माणसे, मूत्रपिंड बदलल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घेणारी माणसे, आणि गोळ्यांच्या पाकिटांवर निगुतीने दिवस काढणारे म्हातारे. या सगळ्यांना 'घरी बसा, काही होत नाही' हे पुरेसे नव्हते. डायलिसिसवाल्याला घरी बसताच येत नव्हते. जो विषाणू शेजाऱ्याला दोन दिवसांचा ताप देऊन जाईल, तो आपल्याला सोडेल का, हा प्रश्न घेऊन ही माणसे रोज झोपत आणि रोज उठत.

वैद्यकशास्त्र या प्रश्नाला शक्यतेच्या भाषेत उत्तर देते. पण रात्री दोन वाजता जाग आलेल्या माणसाला शक्यता पुरत नाहीत. तिथे प्रश्न धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा होतो. जे आपल्या हातात नाही, त्याच्या सावलीत कसे जगायचे? श्रद्धा असेल तर भीती वाटावी का? आणि खबरदारी घेणे म्हणजे देवावरचा भरवसा उणा पडणे का?

मराठी माणूस फोन ठेवताना दोन वाक्ये एका दमात बोलतो. "काळजी करू नकोस" आणि "काळजी घे". आजी नातवाला दोन्ही सांगते आणि त्यात कोणालाच विसंगती वाटत नाही. शब्द एकच, पण क्रियापद बदलले की माणसाची अख्खी तऱ्हा बदलते. केलेली काळजी डोक्यात गिरक्या घेत राहते. घेतलेली काळजी हातापायांत उतरते, साबण होते, वेळेवर घेतलेली गोळी होते, डॉक्टरांना केलेला फोन होते.

दोन्हींतला फरक सांगायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. त्या काळात घराघरांत पोचलेल्या एका छोट्या यंत्रात तो स्पष्ट दिसत होता. ऑक्सिमीटर. कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा. बोट आत घातले की लाल दिवा लागे, आकडा क्षणभर इकडेतिकडे नाचे आणि मग थांबे. ९७. जिवात जीव येई. दहा मिनिटांनी पुन्हा बोट. ९६. एक का उतरला? दुसरे बोट. ९५. बोट गार पडले असेल तर आकडा चुकतो, नखांवर गडद नेलपॉलिश असेल तर चुकतो, हे वाचलेले असे. तरी हात चोळून पुन्हा बोट आत. दिवसातून वीस वेळा, पंचवीस वेळा, रात्री पांघरुणातही. आकडा तोच राही, छातीतली धडधड मात्र वाढत जाई.

शेजारच्या घरात हेच यंत्र होते. तिथे सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी आकडा पाहत आणि शाळकरी वहीत तारखेपुढे लिहीत. ताप आला तर सहा मिनिटे घरातल्या घरात चालून पुन्हा बघायचे, आकडा तीनहून जास्त उतरला किंवा ९४च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवायचे, असे पहिल्या पानावर लिहून ठेवलेले असे. मग यंत्र डबीत. पहिल्या घरात काळजी करणे चालू होते, दुसऱ्या घरात काळजी घेणे. भीती दोन्ही घरांत होती. दुसऱ्या घराने तिला दिवसातून दोन वेळा भेट दिली होती आणि बाकीचा वेळ परत मिळवला होता.

आता श्रद्धेचा प्रश्न. २०२०मध्ये महाराष्ट्रात तो सर्वांत टोकदार झाला आषाढी वारीत. आळंदी ते पंढरपूर हे साधारण अडीचशे किलोमीटर अंतर चालत जाणाऱ्या वारकऱ्यांपैकी कितीतरी जण साठी-सत्तरीचे असतात. कुणाला साखर, कुणाला गुडघे, कुणाला दम. "वारी चुकली नाही" ही त्यांची आयुष्यभराची कमाई असते. त्यांना 'या वर्षी घरी राहा' म्हणणे म्हणजे श्वास धरून ठेवा म्हणण्यासारखे होते. विठ्ठल मंदिर मार्चपासून दर्शनासाठी बंद होते. जूनच्या मध्यावर आळंदी आणि देहूला मोजक्या लोकांत प्रस्थान झाले, संतांच्या पादुका तिथेच थांबल्या, आणि दशमीला, ३० जूनला, सजवलेल्या एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. १ जुलैच्या एकादशीला चंद्रभागेचे वाळवंट रिकामे होते.

ही माघार होती का? वारकरी परंपरेला तसे वाटले नाही, आणि त्याचे कारण परंपरेच्या मुळातच आहे. विठ्ठल विटेवर उभा का आहे? कथा प्रत्येक मराठी पोराला ठाऊक असते. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. देव दारात आला. पुंडलिकाने उठून दर्शन घेतले नाही. वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. ज्या दैवताची ओळखच थकलेल्या जिवांची शुश्रूषा पुरी होईपर्यंत थांबलेला देव अशी आहे, त्याच्या भक्तांनी घरातल्या म्हाताऱ्यांसाठी एक वारी घरात केली, यात भक्ती कुठे उणी पडते?

दुसरी खूण सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावात आहे. संत सावता माळी पंढरपूरच्या इतक्या जवळ राहूनही वारीला गेले नाहीत, आपल्या मळ्यातच त्यांना पांडुरंग भेटला, असे परंपरा सांगते. त्यामुळे आषाढीला इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, आणि सावतोबांच्या भेटीला मात्र पांडुरंगाची पालखी अरणला जाते. चालून येऊ न शकणाऱ्याकडे देवाने जायचे, ही सोय या संप्रदायाने शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. पाय थकलेल्या, छाती भरून येणाऱ्या वारकऱ्याने त्या वर्षी घरच्या तुळशीला प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा तो परंपरेच्या बाहेर पडला नव्हता.

इतर धर्मांतही हेच घडले. त्या वर्षीचा रमजान आणि ईदची नमाज मुस्लिम कुटुंबांनी घरात केली. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि तिथून बाहेरही पडू नये, अशी प्रेषितांची शिकवण हदीसमध्ये आहेच. २७ मार्चच्या पावसाळी संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधल्या रिकाम्या चौकात एकट्याने प्रार्थना केली. कालिदासाने तर 'कुमारसंभवा'त हा मुद्दा शिवाच्याच तोंडी घातला आहे. बटूच्या वेषात आलेला शिव तप करणाऱ्या पार्वतीला विचारतो, की पाणी आणि समिधा नीट मिळतात ना, आणि आपल्या शक्तीला झेपेल एवढेच तप करतेस ना? देह हे धर्म आचरण्याचे पहिले साधन असल्याची आठवण तो तिला करून देतो. जो स्वतः तपस्व्यांचा देव, त्याची ही चौकशी आहे.

तेव्हा खबरदारी आणि श्रद्धा यांचे भांडण खोटे आहे. खरे भांडण आत असते, मन आणि देह यांच्यात. काळजी घेऊन झाली, हात धुऊन झाले, लस घेऊन झाली, तरीही उरते त्या काळजीचे काय करायचे?

पाली वाङ्मयात नकुलपिता नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. तो भग्गांच्या देशात राहणारा, म्हातारा झालेला, वरचेवर आजारी पडणारा. तो बुद्धांकडे गेला आणि म्हणाला, की मी जर्जर झालो आहे, सतत आजारी असतो, दर्शनालाही नेहमी येता येत नाही, मला काही सांगा. बुद्धांनी त्याला 'तू बरा होशील' असे आश्वासन दिले नाही. देह आजारीच आहे, अंड्याच्या कवचासारखा नाजूक आहे, हे त्यांनी आधी मान्य केले. मग सांगितले, की शरीर पीडित असले तरी मन पीडित होणार नाही, असा सराव कर. आजारी माणसाला 'तुला काहीच झालेले नाही' म्हणणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते. बुद्धांनी दुखण्याला दुखणे म्हटले. नकुलपित्याचा चेहरा तिथून निघताना प्रसन्न होता, असे बुद्धांचा शिष्य सारिपुत्ताने ओळखले, त्यामागे हेही असावे.

बुद्धांनी बाणाचा दाखलाही दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, तो देहाच्या दुःखाचा. अज्ञ माणूस त्यावर शोक करून स्वतःला दुसरा बाण मारून घेतो, तो मनाचा. विषाणूच्या साथीत दुसऱ्या बाणाची गंमत अशी क्रूर असते, की पहिला लागायच्या आधीच तो लागतो. ताप आलेलाच नसतो आणि माणूस मनात व्हेंटिलेटरवर असतो.

तिसरा आणखी एक बाण आहे, आणि तो बहुधा दुसरे लोक मारतात. 'काहीतरी कर्म असेल.' आजारी माणसाच्या उशाशी बसून हे वाक्य बोलले जाते, कधी प्रेमानेही. बुद्धांना सीवक नावाच्या परिव्राजकाने हाच प्रश्न विचारला होता, की माणूस जे काही भोगतो ते सगळे पूर्वकर्माचेच का? बुद्धांनी वेदनांची आठ कारणे मोजली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र कोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, मारहाण आणि कर्म. आठांतले कर्म एक. सगळे कर्मावर ढकलणारे अनुभवाच्या पुढे धावतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. समर्थ रामदासांनीही 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक ताप, म्हणजे देहामनाच्या पीडा, सांगताना दुखण्यांची लांबलचक यादी दिली आहे. त्यात देहाचे रोग आहेत आणि मनाची तळमळही आहे. मनाचे दुखणे त्यांनी दुखण्यांच्याच यादीत बसवले, त्याला कमकुवतपणा ठरवले नाही. आज काळजीने झोप उडालेल्या माणसाला 'मन घट्ट कर' म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

मनाचा सराव कसा करायचा, याचे एक आधुनिक उत्तर महाराष्ट्रात चांगले रुजले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि मुंबईचे प्रा. किशोर फडके यांनी ती मराठीत आणली. एलिस यांनी एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाचे ऋण मानले होते, आणि एपिक्टेटस हा गुलामगिरीत वाढलेला, पायाने अधू असलेला माणूस होता. त्याचे तत्त्वज्ञान धडधाकट शरीराच्या जोरावर उभे राहिलेले नव्हते. या पद्धतीत रास्त चिंता आणि अतिचिंता असा भेद करतात. 'मला लागण झाली तर धोका जास्त आहे, म्हणून मी गर्दी टाळतो' ही रास्त चिंता. 'मला लागण होताच कामा नये, झाली तर सगळे संपले' ही अतिचिंता. दुसऱ्या वाक्यातल्या 'होताच कामा नये'मध्ये जगाकडून एक हमी मागितलेली आहे, आणि ती हमी कोणाकडेच नाही. पुढे माणूस काळजी वाटते याचीच काळजी करू लागतो. आपल्याला घाबरण्याचा हक्क आहे, एवढे मान्य केले की त्यातला एक पदर तरी सुटतो.

इथवरचे सगळे एकट्या माणसाने करायचे आहे. पण नाजूक प्रकृतीच्या माणसाची काळजी त्याच्या एकट्याच्या सरावाने मिटावी, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. तो किती सुरक्षित आहे, हे त्याच्या शेजारी खोकणाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून मराठीत या शब्दाबरोबर तिसरे क्रियापद येते. काळजी वाहणे.

नकुलपित्याच्या घरातच त्याचा पाठ आहे. एकदा तो फार आजारी पडला, जगतो की नाही अशी वेळ आली. त्याची बायको नकुलमाता उशाशी बसली आणि तिने त्याच्या मनातली एकेक काळजी नावानिशी काढली. तुमच्यामागे मुलाबाळांचे आणि घराचे कसे होईल असे वाटत असेल, तर मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते. घर मी चालवीन. मी दुसरे घर करीन असे वाटत असेल, तर इतकी वर्षे आपण कसे राहिलो ते तुम्ही जाणता. धर्माची वाट सोडीन असे वाटत असेल, तर तेही होणार नाही. अशी काळजी मनात ठेवून जाऊ नका. 'सगळे ठीक होईल' एवढे मोघम बोलून तिने वेळ मारून नेली नाही. कातणे आणि पिंजणे, असा हिशेब मांडला. पुढे नकुलपिता बरा झाला आणि काठी टेकत बुद्धांना भेटायला गेला. तेव्हा अशी सहचारिणी लाभली हे तुझे भाग्य, असे बुद्ध त्याला म्हणाले.

ज्ञानेश्वरांनी गीतेच्या नवव्या अध्यायातल्या योगक्षेमाच्या वचनावर लिहिताना पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणाऱ्या पक्षिणीची उपमा दिली आहे. देव ज्याचा भार वाहतो, तो कसा वाहतो? महाराष्ट्राच्या इतिहासात तो माणसांच्या हातांनी वाहिलेला दिसतो. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ ओळखली ती डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. १० जानेवारी १८९७ला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. दोनच महिन्यांत पुण्याजवळ सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई फुले आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यासाठी रुग्ण गोळा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, असे सांगतात. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. त्यांचे धैर्य दाखवून घरात जपून राहणाऱ्या आजारी माणसाला लाजवणे म्हणजे त्या धैर्याचा उलटा अर्थ लावणे होय. दुर्बळ माणसाला निर्धास्त राहता यावे, म्हणून त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला होता.

करोनाच्या काळातही असे भार वाहणारे पुष्कळ होते. १५ सप्टेंबर २०२०ला राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन ताप बघत, ऑक्सिजन मोजत आणि घरात कुणाला मधुमेह, कुणाला हृदयविकार, हे विचारून लिहून घेत. १ मार्च २०२१ला साठीपुढच्यांबरोबरच सहव्याधी असलेल्या पंचेचाळिशीपुढच्या माणसांचे लसीकरण सुरू झाले. केंद्राने वीस आजारांची यादी केली होती, आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवले की रांगेत आधी जागा मिळत होती. एप्रिल २०२०मध्ये ज्या शब्दाने इतरांना हायसे वाटत होते, त्याच शब्दाने वर्षभरात त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या आईला रांगेत पुढे नेले. एखाद्या समाजाचा धर्म कोणता, हे अशा रांगांवरून कळते.

२०२२मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. ५ मे २०२३ला जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण विषाणू सगळे गेले नाहीत. दर पावसाळ्यात फ्लूची लाट येते, आणि डायलिसिसच्या, केमोच्या, बदललेल्या मूत्रपिंडाच्या माणसांच्या पोटात पुन्हा तोच गोळा येतो. फरक इतकाच, की आता ते एकटे असतात. लग्नाच्या हॉलमध्ये मास्क लावून बसलेल्या काकांना कुणीतरी विचारतेच, "अजून घाबरता?" काका हसून मान हलवतात आणि पंगतीला न बसता निघून जातात.

वाचकहो, तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत असे कुणी असेल, तर तो प्रश्न विचारू नका. सर्दी-खोकला असेल तर त्यांच्याकडे जाणे चार दिवस पुढे ढकला. काळजीने झोप उडालेली दिसली तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यांना लिहून द्या. तिथे मराठीत बोलता येते. आणि आज संध्याकाळी एक फोन करून नकुलमातेसारखे नेमके विचारा. गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आहेत? फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारलेत का? रात्री काही वाटले तर हाक कुणाला माराल? त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तुमचे नाव सांगा.